खाल्लं नाय

विठूबाबांचा शर्ट मांडीवर घेऊन योगिनी घडी घालत होती, तेव्हा दुसऱ्या बटणाच्या खाली तिच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. बंद्या रुपयाएवढा डाग होता आणि कापड तिथं खळ दिल्यासारखं ताठ झालं होतं. तिनं नख लावलं तर पांढरट पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर भाताचं अर्धं शीत. सासऱ्याच्या शर्टावर शीत सापडलं तर त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे, भातशेतीतल्या माणसाच्या शर्टावर काय हिरे सापडणार होते, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा. पण बोट तिथून हलेना. समोरचं दार नुकतंच बंद झालं होतं. दारावर निळ्या अक्षरांत ‘एन्डोस्कोपी’ लिहिलं होतं, आणि दाराच्या पलीकडे तिचे सासरे हा शर्ट उतरवून, मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा घालून पलंगावर आडवे झाले होते. आता त्यांना झोपेचं इंजेक्शन द्यायचं होतं आणि मग तोंडातून नळी घालून अन्ननळीत काय अडकतंय ते बघायचं होतं. शर्ट धुतलेला होता. सकाळी शहापूरच्या स्टँडवर बाबा एसटीतून उतरले तेव्हा बाह्यांवर अजून घडीच्या रेघा होत्या. डॉक्टरकडे जायचं म्हणून काशीआईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, ट्रंकेतून काढून दिलेला तो ठेवणीतला शर्ट होता. म्हणजे डाग आजचा होता.

अर्ध्या तासापूर्वी काउंटरवर रोशनी सिस्टरनं कागद पुढे सरकवला, तो योगिनीनं असा भरला की सिस्टर बघत राहिली. भरणारच. तहसील कचेरीसमोर दाखले काढून देणाऱ्या केंद्रात ती गेली सहा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्मच तर भरत होती. रहिवासी, जातीचा, वारसाचा. कुठल्या पानावर कुठला चौकोन येतो हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नाव, वय, गाव वैशाखरे, तालुका मुरबाड, सोबत कोण, तर सून. मग एक ओळ होती, ‘गेल्या सहा तासांत काही खाल्ले आहे का?’ तिनं मान वर न करता विचारलं, “बाबा, काय खाल्लंय का?” शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, “नाय गो, खाल्लं नाय.” तिनं ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली. त्या खुणेला एक क्षणही लागला नव्हता. आता मात्र कागदावरची ती बारकी खूण तिच्या डोळ्यांपुढून जाता जात नव्हती.

बाबा खोटं बोलले नव्हते. हे तिला लगेच कळलं, आणि तेच जास्त भयंकर होतं. खोटं पकडता येतं. केंद्रात रोज कुणी ना कुणी वय चोरायचं, कुणी लग्नाची तारीख विसरायचं, ती टेबलावर पेन आपटून म्हणायची, मावशी नीट सांगा, मी देव नाही. पण खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? चाळीस वर्षं चिखलात वाकून भात लावलेली बाई ‘व्यवसाय?’ असं विचारल्यावर म्हणते, ‘काय नाय, घरीच असते’, आणि योगिनी ‘गृहिणी’ लिहून मोकळी होते. ती बाई कुठं खोटं बोललेली असते? तसंच हे होतं. वैशाखऱ्याच्या घरात भाकरी खातात, भात जेवतात आणि पेज पितात. पेज प्यायलेल्या माणसाला कुणी ‘खाल्लं का’ विचारलं तर तो ‘नाय’ म्हणणार आणि भाकरीच्या टोपलीकडे बघणार. बाबांनी तर दोन महिन्यांत काही खाल्लंच नव्हतं. घास छातीत अडकायचा. आधी भाकरी अडकायला लागली, मग मऊ भातही, आणि मग ते फक्त पेजेवर आले. तीन आठवड्यांपूर्वी ती त्यांना इथंच पहिल्यांदा दाखवायला घेऊन आली होती, तेव्हा डॉक्टरांपुढे तिनं स्वतः काय सांगितलं होतं? ‘बाबा काहीच खात नाहीत हो डॉक्टर, नुसती पेज पितात.’ काहीच खात नाहीत. तिच्याच तोंडचं वाक्य होतं ते, बारावी पास, संगणकाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेल्या किन्हवलीच्या मुलीच्या तोंडचं.

आणि मग तिला कालची संध्याकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, ती तिथं होतीच, फक्त योगिनीनं तिच्याकडे पाठ फिरवली होती. शहापूरच्या खोलीत ती पोळ्या लाटत होती. मनोज, तिचा नवरा, वासिंदच्या कंपनीत संध्याकाळच्या पाळीला गेला होता आणि सात वर्षांचा भाविक पाढे म्हणायचं सोडून पिठाचे उंदीर करत होता. मान आणि खांदा यांच्यात फोन धरून तिनं हॉस्पिटलच्या कागदावरचं आईंना सांगितलं. कागदावर होतं, सहा तास आधीपासून काही खाऊ नये, दोन तास आधीपर्यंत फक्त साधे पाणी चालेल. तिनं सांगितलं, बाबांना सकाळी काय खायला देऊ नका आई, पाणी तेवढं चालेल. तिकडून आईंनी विचारलं, “म्हंजे पातळ चालल ना?” आणि ती, तव्यावरची पोळी करपत होती म्हणून, भाविकनं पिठाचा डबा ओढला म्हणून, किंवा कशामुळंही नाही, फक्त घाई हीच तिची सवय झाली होती म्हणून म्हणाली, “हो हो, चालेल, पाणी चालेल.” हो हो म्हणाली होती ती. पातळला हो म्हणाली होती. आईंनी विचारायचं ते बरोबर विचारलं होतं, इतकं बरोबर की सिस्टरलासुद्धा तसं विचारायचं सुचलं नसतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी कल्याणहून यायच्या. सही घेताना त्यांनी तिला शांतपणे समजावलं होतं. जागेपणी आपल्याला ठसका लागतो ना, त्या म्हणाल्या, तो आपला राखणदार आहे. घास चुकून श्वासाच्या वाटेनं निघाला की तो त्याला हाकलून देतो. इंजेक्शन दिलं की तो राखणदारही झोपतो. पोटात किंवा अन्ननळीत काही असेल तर ते वर येतं आणि सरळ फुफ्फुसात उतरतं, माणसाला ठसकासुद्धा येत नाही. म्हणून उपाशी हवं. योगिनीनं मान डोलावली होती आणि सही केली होती. तिला ते समजलं होतं, चांगलंच समजलं होतं, कारण ते तिनं पाहिलेलं होतं. लग्न होऊन सासरी आली त्या वर्षी गोठ्यातल्या तांबड्या वासराला हगवण लागली. मनोजनं बांबूच्या नळकांड्यातून त्याला काढा पाजला. नवी बायको बघत होती, त्याला रुबाब दाखवायचा होता, त्यानं वासराची मान वर केली आणि नळकांडं रिकामं केलं. बाबा शेतावरून येईपर्यंत वासरू चार पाय पसरून उभं होतं आणि त्याच्या छातीत घरघर सुरू झाली होती. बाबांनी त्याच्या बरगड्यांना कान लावला. मनोजला ते एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस ते वासराजवळ बसून होते आणि तिसऱ्या दिवशी त्याला ओढ्यापलीकडे पुरून आले. पुढं कधीतरी दुसऱ्या जनावराला पाजताना त्यांनी योगिनीला हाक मारून जवळ बसवलं आणि दाखवलं, मान जास्त वर नाय करायची, जीभ धरायची नाय, थोडं थोडं द्यायचं, त्याला गिळायला टाइम द्यायचा. बाकी सासरे सुनांना काय काय शिकवतात, तिला हे शिकवलं होतं. ती घरघर आता तिच्या कानात येत होती, बाकावर बसल्या बसल्या, मांडीवर शर्ट घेऊन.

मग ती उठली का? नाही उठली. माणूस असा असतो. दाराच्या वरच्या घड्याळात दहा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती, आणि ती त्या काट्याकडे बघत बसली होती. डाग कालचा असेल. ट्रंकेतला असेल. पापुद्रा चुन्याचा असेल, बाबा तंबाखू खातात. तिला दार ठोठावायची लाज वाटत होती, खरं म्हणजे हेच. ज्या बाईनं सहा वर्षं लोकांना ‘बसा हो, बोलावतील’ असं सुनावलं तिला बंद दारावर थाप मारता येईना. आणि काय सांगायचं आत जाऊन? मी फॉर्म चुकीचा भरला असं? तीन गुरुवार ती या तारखेच्या मागे होती. आधी बाबाच यायला तयार नव्हते, मग मनोजला सुट्टी नाही, मग डॉक्टरीणबाईच आल्या नाहीत. आज सगळं जुळलं होतं. वैशाखऱ्याहून सातची गाडी, सरळगावला बदलून किन्हवलीवरून शहापूर, असा रिकाम्या पोटानं प्रवास करून म्हातारा माणूस आला होता, आणि त्याला म्हणायचं, परत जा. शिवाय त्या नळीच्या टोकाला काय दिसणार याची तिला जेवढी भीती होती तेवढीच ते आजच दिसून जावं अशी घाईही होती. काहीतरी वाईट असणारच असं तिला वाटत होतं. दोन महिन्यांत बाबांची मनगटं इतकी बारीक झाली होती की स्टँडवर त्यांचा हात धरताना तिनं तो पटकन सोडला होता.

आणि आई? हे बाहेर आलं की सगळं आईंवर जाणार, हे तिला दिसत होतं. मनोज फोनवर ओरडणार, तुला सांगितलं होतं ना काय देऊ नको. आई काही बोलणार नाहीत, ‘सूनबाई पातळला हो बोलली’ असंही सांगणार नाहीत. त्या चुलीपुढं बसतील आणि पदरानं तोंड पुसतील. त्यांना काय वाईट वाटेल हा विचार तिच्या मनात आला आणि तिला एकाएकी पक्कं कळलं की बाबांनी पेज घेतली आहे. आईंनी दिली असेल तर बाबा नाही म्हणाले नसतील. बाबा कुणालाच नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा दोष म्हणा की आणखी काही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती किन्हवलीच्या आठवणीनं रडायची, कुणाला कळू नये म्हणून गोठ्यात जाऊन रडायची. तिच्या माहेरी चहाबरोबर खारी असायची, इथं तसलं काही नव्हतं. हे तिनं एकदाच, तेसुद्धा गंमत म्हणून नणंदेला सांगितलं असेल. त्यानंतर सरळगावच्या बाजाराहून येताना बाबा दर खेपेला कागदात गुंडाळलेली खारी आणायचे. हातात कधी दिली नाही. पडवीतल्या कोनाड्यात ठेवायचे आणि दोनदा खोकायचे. तिनं ती घेतली की नाही हेसुद्धा वळून बघायचे नाहीत. वर्षभर तो खोकला ऐकून तिला वाटायचं की यांना दम्याचा त्रास आहे, आणि कळलं तेव्हा ती हसत हसत पुन्हा गोठ्यात जाऊन रडली होती. त्या माणसाला ती आता एका चौकोनातल्या खुणेवर सोडून बाकावर बसली होती.

तरी तिनं आधी फोनच लावला. खात्री करून घेऊ, असं म्हणत. फॉर्म भरणाऱ्याची खोड, कागद हातात आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. वैशाखऱ्याच्या घरात फोनला रेंज फक्त पडवीच्या खिडकीत येते, म्हणून तो कायम तिथंच ठेवलेला असतो, आणि आई गोठ्यात असल्या तर पोचेपर्यंत वाजून वाजून बंद पडतो. पाच वेळा वाजला, सहा वेळा, सात. घड्याळात चव्वेचाळीस झाले.

“आई, बाबांनी सकाळी काय घेतलं?”

“काय नाय गो. तू बोलली ना, काय द्यायचं नाय.”

“पेज?”

“निस्ती पेज घेतली. पातळ केली व्हती. पातळ चालल बोलली ना तू?” आईंचा आवाज मध्येच थांबला. “का गो? काय झालं?”

योगिनीच्या तोंडून निघून गेलं, “ते वर येईल आई, छातीत जाईल त्यांच्या,” आणि तिनं फोन कापून बाकावर टाकला. शर्ट खाली पडला. बाकापासून दारापर्यंत चार पावलं होती, ती तिनं कशी टाकली ते तिला नंतर आठवलं नाही. दोन्ही तळहातांनी ती दारावर थापा मारत होती, आणि कॉरिडॉरमधले लोक बघत होते, आणि तिला कशाचंही काही वाटत नव्हतं. रोशनी सिस्टरनं दार वीतभर उघडलं. योगिनीनं त्या फटीत खांदाच घातला आणि म्हणाली, “थांबवा, त्यांनी पेज प्यायलीय.”

आत बाबा डाव्या कुशीवर झोपले होते. दातांत नळीसाठी प्लास्टिकची कडी बसवलेली होती, बोटाला चिमटा होता, डोळे उघडे होते. तेवढंच तिनं पाहिलं, डोळे उघडे होते. डॉक्टरीणबाई हातावरच्या सुईजवळ वाकलेल्या होत्या. त्या सरळ झाल्या, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, टोपण लावलं, आणि मग विचारलं, किती वाजता, किती, शितं होती का. योगिनीनं सांगितलं, सातच्या आधी, शितं होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार तासही झाले नव्हते, आणि यांच्या अन्ननळीत तर खालची वाट अरुंद, प्यायलेलं तिथंच साचून असणार. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “भरलेलं इंजेक्शन हातात होतं माझ्या,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा हात ट्रेच्या कडेवर जरा जोरात टेकला होता. आज नको, पुढच्या गुरुवारी सकाळी पहिला नंबर यांचा, आदल्या संध्याकाळपासून पेजसुद्धा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कडी काढता काढता रोशनी सिस्टर पुटपुटली की तिच्या डोळखांबच्या घरी पण पेजेला कुणी खाणं म्हणत नाही, आपणच नीट विचारायला हवं होतं.

बाबांना बाकावर आणून बसवलं. ते अजून झग्यातच होते, आणि आपण काहीतरी मोडून ठेवलं अशा चेहऱ्यानं जमिनीकडे बघत होते. योगिनी त्यांच्याजवळ बसली. तिला त्यांचा हात धरायचा होता, पण सुनेनं सासऱ्याचा हात असा दवाखान्यात बसून धरायचा म्हणजे काय, म्हणून तिनं त्यांच्या झग्याची बाही धरली. मग बाबा म्हणाले, “मी खोटं नाय बोललो गो. खाल्लं नवतं.” ती म्हणाली, मला माहीत आहे बाबा, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली, पटलं नव्हतं. त्यांना आणखी काही सांगायचं होतं आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटत होता, हे तिला कळत होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याजवळ आईंबद्दल एक वाक्यही उच्चारलं नसेल.

“मला नको व्हती पेज,” ते शेवटी म्हणाले. “मी सांगितलं तिला, योगिनी नको बोललीय. तर बोलते, तुमी नाय तर मी पन नाय. तुमी घरी येईपरेंत पान्याचा थेंब घेनार नाय. आनि तिला साखरेची गोळी हाय ना सकाळची. गोळी घेऊन उपाशी राहिली तं पडते. गेल्या साली पडली व्हती ना विहिरीजवळ? आज घरात कोन हाय तिला उचलायला? मंग मी बोललो, आन पेज. अर्धी मी घेतली, अर्धी तिनं. माझी संपली तवा तिनं तोंडाला लावली.”

योगिनीच्या मनात आलं की मला यातलं काही माहीत नव्हतं. कोनाड्यातली खारी माहीत होती, गोठा माहीत होता, आणि त्या दोघांचं हे पहाटेचं भांडण मला कधी माहीतच नव्हतं. मी वरून नुसत्या सूचना देत होते. मग तिला एकदम फोनची आठवण झाली. तो बाकावरच पडला होता, आवाज बंद केलेला, हॉस्पिटलच्या भिंतीवर तशी पाटी होती म्हणून. अकरा मिस्ड कॉल होते. सगळे घरून होते. पंधरा मिनिटं ती बाई खिडकीशी उभी राहून फोन लावत होती आणि इकडून कुणी उचलत नव्हतं. ते वर येईल, छातीत जाईल त्यांच्या, असं सांगून योगिनीनं तिला तिथं उभं करून ठेवलं होतं. बाबांना ऐकायला कमी येतं, म्हणून तिनं फोन लावून स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या हातात दिला.

एका रिंगमध्ये उचलला गेला. “योगिनी, हायेत का गो ते?”

“हाय,” बाबा म्हणाले. “मी हाय.”

तिकडून नुसता श्वास येत होता, मोठा, मग अडखळत. बाबा फोन कानाला लावायचा की तोंडाला या गोंधळात तो दोन्हींच्या मधे धरून बसले होते. त्यांनी सांगितलं, काय केलं नाय मला, सुई टोचली ती पण काढली, पुढच्या गुरुवारी बोलावलंय. पलीकडे आई रडत नव्हत्या. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा घसा खरवडल्यासारखा झाला होता.

“तुमच्यातली मी कशी काढनार व्हते?” त्या म्हणाल्या. “हितनं काय करनार व्हते मी? मंग मागल्या दारी गेले नि माझी काढली. बोट घालून.”

योगिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. त्या माणसाच्या पोटातली पेज बाहेर यावी म्हणून त्या बाईनं आपल्या पोटातली बाहेर काढली होती. असल्या गोष्टीला काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. तिला आईंचा राग आला, त्यांच्यावर इतकी माया दाटली की राग कुठला आणि माया कुठली हे वेगळं काढता येईना, आणि स्वतःची शरमही वाटली. तिनं आईंना नेहमी भोळी म्हटलं होतं, मनोजपाशी, हसून.

बाबांना मात्र दुसरंच काही कळलं होतं. ते ताठ बसले. “गोळी घेतलीस का सकाळी?” त्यांनी विचारलं. घेतली होती. “मंग पोटात काय हाय आता तुझ्या?” काही नव्हतं. “टोपल्यात भाकरी हाय का?” कालची होती. तुमी आल्यावर बघते, आई म्हणाल्या, तुमी निघा आधी.

“आता खा,” बाबा म्हणाले. “तितंच, खिडकीत बसून. फोन ठेवू नको. मी ऐकतो.”

त्यांचा आवाज योगिनीनं असा कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, पण त्यात ‘नाय’ ऐकून घ्यायची तयारी नव्हती. तिकडे पावलं दूर गेली, टोपल्याचं झाकण वाजलं, पावलं परत आली. बाबांनी फोन आता कानाला घट्ट लावला होता, तरी आवाज बाहेर येतच होता. कॉरिडॉरमधून एक वॉर्डबॉय गाडा ढकलत गेला, त्याची चाकं करकरत होती, तेव्हा बाबांनी दुसऱ्या कानावर तळहात ठेवला. वाळकी भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं चावणं. दोन महिने ज्याच्या छातीतून घास उतरला नव्हता तो माणूस डोळे मिटून ते चावणं ऐकत होता, आणि त्याचा गळा आपोआप वर खाली होत होता.

“गिळलंस का?” त्यांनी विचारलं.

“गिळलं,” आई म्हणाल्या.

“मंग दुसरा घास घे.”